एक पान, ८४० वेळा

लोहा तालुक्यातलं कुठलंही गाव घ्या. सप्ताह बसलाय. रात्रीचे तीन वाजलेत. कीर्तन कधीच आटोपलंय, मंडपात दोन-चार म्हातारी माणसं घोंगडी ओढून आडवी झालीत, लायटिंगच्या माळा निम्म्या विझलेल्या. आणि एक पोरगा गळ्यात वीणा अडकवून एकटाच उभा आहे. तार छेडतोय, नाव घेतोय. समोर ऐकायला कुणी जागं नाही. तरी तो थांबत नाही, कारण सात दिवस वीणा खाली टेकवायची नाही, हा नियम. खांबाला पहाऱ्याचा कागद चिकटवलाय. कुणाचा कुठला तास, ते त्यावर लिहिलंय. चार वाजले की दुसरा येईल, पाया पडेल आणि वीणा आपल्या गळ्यात घेईल. तुमच्यातल्या काहींनी हा पहारा दिला असेल. नसेल, तर घरातल्या आजोबांना विचारा.

आता दुसरीकडे जाऊ. न्यूयॉर्क, ९ सप्टेंबर १९६३. एक लहानसं थिएटर, स्टेजवर एक पियानो, पियानोवर एक माणूस. तो कागदाचं एकच पान वाजवतोय. संपलं की परत पहिल्यापासून. वीस मिनिटं झाली की दुसरा येतो, पहिला उठतो, वाजणं सुरूच. संध्याकाळी सहाला चालू झालेला हा प्रकार दुसऱ्या दिवशी दुपारी १२ वाजून ४० मिनिटांनी संपला. तेच एक पान, ८४० वेळा. १८ तास ४० मिनिटं.

ज्यानं ते पान लिहिलं, त्याला मरून तोवर ३८ वर्षं झाली होती. त्याच्या हयातीत ते पान छापलंसुद्धा गेलं नव्हतं. एरिक साती त्याचं नाव. फ्रेंच माणूस, म्हणून लिहायचं एक आणि म्हणायचं भलतंच. आपण साती म्हणू.

नाव ऐकलं नसेल, पण माणूस तुम्ही ऐकलाय. अभ्यासाला लावायच्या प्लेलिस्टमध्ये, एखाद्या सिनेमात पावसाच्या सीनमागे, उदास रीलखाली एक संथ पियानो वाजतो. डावा हात खाली एक सूर टेकवतो, मग वर एक कॉर्ड, आणि त्यावर अगदी मोजक्या सुरांची चाल हळूच चालत जाते. ती त्याची पहिली 'जिमनोपेदी'. १८८८ सालची. लिहिली तेव्हा तो २१ वर्षांचा होता, म्हणजे तुमच्याच वयाचा. आणि कॉलेजमधून बाहेर पडलेला.

वर्गातला सगळ्यात आळशी

जन्म १७ मे १८६६. गाव ओंफ्लर, फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरचं जुनं बंदर. वडील जहाजांच्या दलालीत. आई लंडनची, घराणं स्कॉटलंडचं. एरिक सहा वर्षांचा असताना आई गेली आणि वडिलांनी पोरांना आजी-आजोबांकडे पाठवून दिलं. गावातल्या चर्चमधल्या ऑर्गनवादकाकडे त्याचं शिक्षण सुरू झालं. चर्चचं ते जुनं, ताल न दाखवणारं, एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणारं गाणं त्याच्या कानात बसलं ते कायमचं. तो १२ वर्षांचा असताना आजी समुद्रात बुडून गेली. पोरगा परत पॅरिसला, वडिलांकडे. वडिलांनी लवकरच दुसरं लग्न केलं, नवी आई पियानो शिकवायची. तिनंच त्याला १८७९ मध्ये पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटोअरमध्ये घातलं. देशातली संगीताची सगळ्यात मोठी संस्था.

तिथं त्याचं जमलं नाही. मास्तरांच्या शेऱ्यांत एकच गोष्ट परत परत येते, पोरगा आळशी आहे. हात चांगला आहे, पण कष्ट करत नाही. १८८२ मध्ये नाव काढून टाकलं. १८८५ मध्ये परत घेतलं. पुन्हा तेच. मग त्यानं वैतागून सैन्यात नाव दिलं. तिथलं तर पहिल्या काही महिन्यांतच सहन होईना, तेव्हा या पठ्ठ्यानं हिवाळ्याच्या रात्री उघड्या छातीनं बाहेर थांबून स्वतःला ब्रॉन्कायटिस लावून घेतला. आजारी पडून सुटला. हा प्रयोग कुणी करू नये, हे वेगळं सांगायला नको.

आळशी तो खरंच होता का? मला वाटतं, त्या संस्थेला हवं ते करण्यात होता. वेगानं बोटं पळवणं, मोठमोठे नाट्यमय तुकडे वाजवणं हे तिथलं काम. याला हवं होतं संथ, उघडं, कमीत कमी. पुढं आयुष्यभर तो तेच करत राहिला, आणि अर्धं आयुष्य त्याबद्दल त्याला कुणी पैसे दिले नाहीत.

काळं मांजर

१८८७ पासून तो मोंमार्त्रला राहायला गेला. पॅरिसमधली ती टेकडी तेव्हा स्वस्त खोल्यांची, चित्रकारांची, कवींची आणि दारूच्या गुत्त्यांची. तिथं 'शा न्वार' म्हणजे काळं मांजर नावाचा कॅबरे होता. आत कविता, गाणी, नकला, आणि पडद्यामागून दिवा लावून सावल्यांची नाटकं. एका छपराखाली चार कला. एरिकला तिथं पियानो वाजवायचं काम मिळालं. लोक प्यायचे, बोलायचे, हा वाजवत राहायचा. पुढं मालकाशी वाजलं, तेव्हा जवळच्या दुसऱ्या ठिकाणी गेला. तिथंच क्लोद देब्युसी भेटला. देब्युसी नंतर फार मोठा झाला. दोघांची दोस्ती २५ वर्षं टिकली, थोडी प्रेमाची, थोडी जळफळाटाची. एरिकच्या 'जिमनोपेदी'मधल्या दोन तुकड्यांना ऑर्केस्ट्राचं रूप देब्युसीनंच दिलं.

या काळातले एरिकचे उद्योग ऐकण्यासारखे आहेत. त्यानं स्वतःचं एक चर्च काढलं. सभासद एकच, तो स्वतः. त्या चर्चच्या नावानं पत्रकं छापून नावडत्या समीक्षकांना तो धर्मबहिष्कृत करायचा. देशाच्या कला अकादमीत जागा रिकामी झाली की अर्ज टाकायचा. असं तीनदा केलं, पहिला अर्ज २६व्या वर्षी. थोडा वारसा हाती आला तेव्हा मखमली कॉर्डरॉयचे एकसारखे सात सूट शिवून घेतले आणि वर्षानुवर्षं तेच घातले. आज असता तर यातल्या प्रत्येक गोष्टीचं रील झालं असतं. पण एवढ्यावरच त्याला ओळखणं म्हणजे गॅदरिंगमध्ये फक्त फिशपॉन्ड ऐकून घरी जाणं.

सहा महिने आणि एक पान

१८९३ च्या जानेवारीत त्याला सुझान व्हॅलादों भेटली. ती आधी सर्कशीत कसरती करायची. पडून लागलं, सर्कस सुटली, मग चित्रकारांसमोर मॉडेल म्हणून बसू लागली. बसता बसता त्यांचं बघून स्वतः चित्र काढायला शिकली आणि पुढं नावाजलेली चित्रकार झाली. एरिक पहिल्याच रात्री तिला लग्नाचं विचारून मोकळा झाला. लग्न झालं नाही. तिनं त्याचं चित्र काढलं, त्यानं तिचं काढलं. जून महिन्यात ती निघून गेली. त्यानंतर त्याच्या आयुष्यात दुसरी बाई आल्याची कुठंच नोंद नाही.

ते पान याच सुमाराचं मानतात. त्यावर तारीख नाही, म्हणून छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. नाव 'व्हेक्सेशन्स'. मराठीत जाच म्हणा, कटकटी म्हणा. खाली डाव्या हातासाठी १८ सुरांची एक चाल. तीच चाल एकदा वर दोन सूर लावून वाजवायची. मग परत नुसती चाल. मग तेच वरचे दोन सूर खाली-वर बदलून. झालं पान. वेग अगदी संथ.

गाणं-बजावणं शिकणाऱ्यांसाठी जरा जास्त सांगतो. आपल्याकडे कितीही फिरून आलं तरी सा वर टेकतो आणि कानाला घर मिळतं. या पानात घरच नाही. जवळजवळ प्रत्येक कॉर्ड अधांतरी सुटलेला, पुढच्याची वाट बघणारा, आणि पुढचाही तसाच. त्यात एरिकनं खोडी करून ठेवलीय. एकच पट्टी इथं एका नावानं लिहिलीय, तिथं दुसऱ्या. त्यामुळं पान पाठच होत नाही. शेकडो वेळा वाजवलेला माणूससुद्धा कागदावरून नजर काढायला घाबरतो.

आणि वर एक टीप. त्यात ८४० हा आकडा आहे. सलग एवढ्या वेळा हे स्वतःशी वाजवायचं असेल, तर आधी पूर्ण शांततेत, अजिबात न हलता तयारी केलेली बरी, असा तिचा अर्थ. वाजवाच, असं कुठंही म्हटलेलं नाही. ही चेष्टा आहे, प्रेमभंगाचा हिशेब आहे, की खरोखरची साधना? ८४०च का? त्यावर जाडजूड लेख लिहिले गेलेत. एरिकनं एका शब्दानं कधी खुलासा केला नाही. लिहून पान ठेवून दिलं.

रोज दहा किलोमीटर

१८९८ मध्ये मोंमार्त्र परवडेना, तेव्हा तो शहराच्या दक्षिणेला आर्कय नावाच्या कामगारवस्तीत एका खोलीत राहायला गेला. आत नळाचं पाणी नाही. या खोलीत तो २७ वर्षं राहिला आणि तेवढ्या काळात मित्रांपैकी एकानंही आत पाऊल टाकलं नाही. त्यानं कुणाला येऊच दिलं नाही.

काम मात्र पॅरिसमध्येच. कॅबरेत गाणाऱ्यांना साथ करायची, त्यांच्यासाठी हलकीफुलकी गाणी करून द्यायची. जायचं चालत, सुमारे दहा किलोमीटर. रात्री शेवटची गाडी चुकली की यायचंही चालत. रस्त्यात दिव्याच्या खांबाखाली थांबून वहीत काहीतरी टिपायचं आणि पुढं निघायचं. वाटेतले गुत्तेही त्याला पाठ होते. हे लपवण्यात अर्थ नाही, कारण शेवटी दारूनंच त्याचा घास घेतला.

मला त्याच्या आयुष्यातला सगळ्यात भारी वाटणारा प्रसंग यानंतरचा आहे. १९०५. वय ३९. लोक त्याला गमत्या माणूस म्हणून ओळखायचे. मोठे संगीतकार म्हणायचे, कल्पना आहेत पण शास्त्र येत नाही. त्यावर हा गडी स्कोला कांतोरुम नावाच्या दुसऱ्या संगीतशाळेत जाऊन बसला, विद्यार्थी म्हणून. शिकवणारा आल्बेर रुसेल त्याच्याहून तीन वर्षांनी लहान. देब्युसीनं त्याला या वयात हे करू नको म्हणून समजावलं होतं. तीन वर्षं त्यानं वहीत काउंटरपॉइंटचे धडे गिरवले. एक चाल चालू असताना दुसरी तिच्या विरुद्ध कशी चालवायची, त्याचं ते गणित. १९०८ मध्ये उत्तम शेऱ्यासह पदविका मिळवली. सूट गेले. आता गोल टोपी, कडक कॉलर, हातात छत्री. बघणाऱ्याला वाटावं, तहसीलमधला कारकून चाललाय.

आर्कयमधल्या गरिबांच्या पोरांना तो याच काळात शिकवायचा, सुट्टीच्या दिवशी फिरायला न्यायचा. त्या कामाबद्दल सरकारकडून त्याला सन्मानही मिळाला. संगीतासाठी मिळाला नाही, हे लक्षात घ्या.

मग १९११ मध्ये मॉरिस राव्हेलनं एका मैफलीत एरिकचे वीस-एक वर्षांपूर्वीचे तुकडे वाजवले, आणि तरुण मंडळींना अचानक कळलं की हा म्हातारा आपल्या सगळ्यांच्या आधी तिथं पोचला होता. प्रकाशक दारात आले. हा त्यांना चमत्कारिक नावांचे तुकडे देत राहिला. त्याच्या आधीच्या एका रचनेचं नाव नासपतीच्या आकाराचे तीन तुकडे. मोजायला गेलात तर निघतात सात.

तंबूबाहेरचा खेळ

माळेगावच्या यात्रेत गेला असाल तर जत्रेतल्या तंबूबाहेरचं दृश्य डोळ्यांसमोर आणा. आतला खेळ सुरू व्हायच्या आधी बाहेर मचाणावर दोन-चार कलाकार थोडंसं करून दाखवतात. भोंग्यावर आरडाओरडा, नमुना बघा आणि तिकीट काढून आत या. समजा गर्दीला तो नमुनाच खरा खेळ वाटला आणि तेवढा बघून लोक पांगले तर?

'पराद' या बॅलेची गोष्ट बरोबर हीच आहे. १८ मे १९१७ ला, म्हणजे एरिकच्या एक्कावन्नाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, पॅरिसमध्ये पहिला प्रयोग झाला. गोष्ट कवी जाँ कॉक्तोची, पडदा आणि पोशाख पाब्लो पिकासोचे, नाच मासीनचा, मंडळी दियागिलेव्हची, संगीत एरिकचं. ऑर्केस्ट्रात टाइपरायटर, भोंगा, पिस्तूल. पिकासोनं दोन नर्तकांना पुठ्ठ्याच्या इमारतींसारखे, माणसाच्या दीडपट उंचीचे पोशाख चढवले होते. तिकडं आघाडीवर महायुद्ध चालू. थिएटरात शिट्ट्या, शिव्या, टाळ्या सगळं एकदम. कार्यक्रमपत्रिकेत कवी अपोलिनेरनं या प्रयोगासाठी एक नवा शब्द वापरला. सरिअ‍ॅलिझम हा शब्द तिथून जगात आला.

एका समीक्षकानं झोडपलं. एरिकनं त्याला उघड्या पोस्टकार्डावर अर्वाच्य शिव्या लिहून पाठवल्या. पोस्टमनपासून इमारतीच्या रखवालदारापर्यंत कुणीही वाचू शकत होतं, म्हणून बदनामीचा खटला झाला आणि आठ दिवसांची कैद ठोठावली गेली. मित्रांनी धावपळ केली, तुरुंग टळला. कमेंटमध्ये कुणाला झोडपून स्क्रीनशॉट झालेल्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल.

तीन वर्षांनी त्यानं आणखी एक डोकं चालवलं. खोलीत खुर्ची असते, टेबल असतं, आपण त्याकडं टक लावून बघत नाही. तसं संगीत का नसावं? १९२० मध्ये एका आर्ट गॅलरीत नाटकाच्या मध्यंतरात त्यानं आणि दारियस मियोनं वादक इकडं-तिकडं विखरून बसवले आणि छोटे तुकडे पुन्हा पुन्हा वाजवायला लावले. लोकांनी बोलावं, फिरावं, ऐकू नये, ही अपेक्षा. लोक शहाण्यासारखे गप्प बसून ऐकू लागले. एरिक हॉलभर फिरून त्यांना बोला बोला म्हणून विनवत होता. आज मॉलमध्ये, लिफ्टमध्ये आणि तुमच्या अभ्यासाच्या प्लेलिस्टमध्ये जे वाजतं, त्याचा हा आजोबा.

१९२४ मध्ये शेवटचा मोठा उद्योग. बॅलेचं नाव 'रलाश', म्हणजे नाट्यगृहाच्या दारावर लावतात ती आज खेळ नाही ही पाटी. पहिल्या प्रयोगाला लोक नटूनथटून आले तर दार बंद. मुख्य नर्तक खरोखर आजारी पडला होता. अख्ख्या पॅरिसला वाटलं, हीच ती गंमत. काही दिवसांनी प्रयोग झाला. दोन अंकांच्या मध्ये रने क्लेरचा एक छोटा मूकपट, आणि त्याच्या दृश्यादृश्याला मोजून बसवलेलं एरिकचं संगीत. त्यात एरिक स्वतः दिसतो. थिएटरच्या गच्चीवर तोफेभोवती चित्रकार पिकाबियासोबत उड्या मारताना, स्लो मोशनमध्ये. टोपी, चष्मा, छत्री. इंटरनेटवर आहे, बघा. त्यात ५८ वर्षांचा माणूस आहे आणि त्याच्यापाशी आयुष्याचे आठ महिनेसुद्धा उरलेले नाहीत.

१ जुलै १९२५ ला यकृताच्या आजारानं तो गेला. मग मित्र आणि भाऊ कॉनराद त्या खोलीत शिरले. धूळ आणि जाळी. छत्र्यांचा ढीग. न वापरलेले मखमली सूट. दोन मोडके पियानो, एकावर एक रचलेले. न फोडलेली पत्रं. हरवली म्हणून तो आयुष्यभर ज्या रचनेची हळहळ करत होता, तिची वही पियानोमागं पडलेली. बारीक अक्षरात काढलेले, कधीच न बांधलेल्या किल्ल्यांचे नकाशे. बाहेर नेहमी इस्त्रीतला दिसणारा हा माणूस आत असा राहत होता, हे त्या दिवशी पहिल्यांदा कुणाला कळलं.

पाच डॉलर, तीन परत

१९४९ मध्ये अमेरिकन संगीतकार जॉन केज पॅरिसला आला. एरिकचा तरुण मित्र आंरी सोगे याच्याकडं त्याला ते पान मिळालं, आणि त्यानं ते छापवून घेतलं. वाजवायची गरजच नाही, असं सुरुवातीला खुद्द केजलाही वाटत होतं. चौदा वर्षांनी त्यानं विचार बदलला आणि दहा-बारा वादक गोळा केले.

तिकीट पाच डॉलर. दारात कारखान्यातलं हजेरीचं घड्याळ. प्रेक्षकानं आत जाताना कार्ड पंच करायचं, बाहेर पडताना परत. प्रत्येक वीस मिनिटांना पाच सेंट माघारी मिळणार, आणि शेवटपर्यंत बसलात तर वर वीस सेंट बक्षीस. न्यूयॉर्क टाइम्सनं समीक्षकांचीही पाळी लावली. एक झोपायला गेला की दुसरा यायचा. सगळे १८ तास ४० मिनिटं एकच प्रेक्षक बसला, कार्ल शेन्झर नावाचा नट. त्याचा हिशेब करून बघा, बरोबर तीन डॉलर परत. वादकांमध्ये जॉन केल नावाचा २१ वर्षांचा पोरगा होता. पुढं 'व्हेल्वेट अंडरग्राउंड' हा रॉक बँड ज्यांनी काढला, त्यातला तो एक. ८४०वी फेरी संपली तेव्हा प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, वन्स मोअर.

त्यानंतर हे पान जगभर वाजलंय, बहुतेक वेळा पाळी लावून. एकट्यानं वाजवायला गेलेल्यांचे हालही झालेत. १९७० मध्ये सिडनीत पीटर इव्हान्स नावाचा वादक ५९५ फेऱ्यांनंतर उठून निघून गेला. डोक्यात भलतेसलते वाईट विचार यायला लागले, असं त्यानं नंतर सांगितलं. लॉकडाऊनमध्ये, ३० मे २०२० ला, इगोर लेव्हिट यानं बर्लिनच्या एका रिकाम्या स्टुडिओत ते एकट्यानं वाजवलं आणि लाइव्ह दाखवलं. पंधरा तासांहून जास्त. मोजणीसाठी त्यानं ८४० प्रती छापल्या होत्या. एक फेरी झाली की एक कागद जमिनीवर. शेवटी त्याच्याभोवती कागदांचा सडा. कामं बुडालेल्या कलावंतांसाठी ते सगळं होतं. २०२५ मध्ये लंडनला त्यानं परत केलं, या वेळी परफॉर्मन्स आर्टवाली मरिना अब्रामोविच सोबत होती.

आता गॅदरिंगचं बोलू. काहीतरी वेगळं करू, अशी मीटिंग दर वर्षी होते आणि शेवटी डीजे येतो. एरिकचं हे पान आपल्याकडं करता येईल का? पियानो नाही, हे पहिलं उत्तर येईल. कीबोर्ड आहे. पेटीवर जमणार नाही, एक हात भात्यात अडकतो आणि पानाला दोन्ही हात लागतात. पान लहान आहे, पण नोटेशन वाचता येणारं कुणीतरी हवं. नसेल तर एकानं शिकून बाकीच्यांना पट्ट्या दाखवायच्या. एक-दोन महिने जातील. जाऊ देत.

हिशेब सोपा निघतो. एक फेरी ८० सेकंदांची धरली तर एका पाळीत १५ फेऱ्या, म्हणजे वीस मिनिटं. एकूण ५६ पाळ्या. एकेकानं दोन घेतल्या तर २८ जण पुरतात. आपल्याकडं खरी अडचण वेगळी आहे. रात्रभराचा कार्यक्रम म्हटला की निम्म्या मुलींची नावं यादीतून आपोआप गळतात, घरी कुणी विचारतसुद्धा नाही. तर पहाटे पाचला सुरू करा, रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी संपतं. मुलींच्या पाळ्या दिवसा टाका आणि संध्याकाळच्या हव्या असतील त्यांच्या घरच्यांनाच ऐकायला बोलवा. यापेक्षा चांगला तोडगा कुणाला सुचला तर तो करा. पण मुलींना वगळून हा पहारा लावू नका.

लाइव्हसाठी एक मोबाइल स्टँडवर, चार्जर कायम लावलेला, दुसरा राखीव. लाइट जाणारच, तेव्हा कीबोर्ड आणि राउटर इन्व्हर्टरवर. कीबोर्डजवळ भिंतभर पांढरा कागद लावला तर चित्रकलेवाले १८ तास त्यावर काढत राहतील. नाचणाऱ्यांनी, कविता वाचणाऱ्यांनी, रांगोळीवाल्यांनी मध्ये मध्ये येऊन जावं. फक्त कीबोर्डच्या आवाजावर माइक चढवायचा नाही. विक्रमाच्या पुस्तकात नाव यावं म्हणून करणार असाल तर सोडून द्या, त्यासाठी सोप्या गोष्टी पुष्कळ आहेत.

मोजणीला ८४० झेरॉक्स कशाला? ज्वारीचे ८४० दाणे मोजून एका वाटीत घ्या. फेरी झाली की एक दाणा दुसऱ्या वाटीत. वाटीजवळ बसणाऱ्याचीही पाळी लावावी लागेल, कारण दुपारी जेवणानंतर डुलकी लागते आणि एक दाणा चुकला की वाद सुरू होतो, ८३९ झाले की ८४०.